बडोद्यातल्या मराठी मंडळांना खुले पत्र: गुरुवारी हॉल दोन तास आधी उघडा

बडोद्यातील मराठी मंडळे, भजनी मंडळे, महिला मंडळे आणि गणेशोत्सव मंडळांच्या सर्व कार्यकर्त्यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला एक चट्टा उठला आणि महिनाभरात तो कॅन्सर निघाला. त्या दिवसांत तुमच्यापैकी कितीतरी जण दांडिया बाजारातला आमचा अरुंद जिना चढून वर आलात. कुणी डबे आणले, कुणी ऑपरेशनच्या वेळी रक्ताची सोय केली. भजनी मंडळातले एक काका तर दीड महिना रोज स्वतःच्या गाडीने आम्हाला दवाखान्यात सोडत होते. हे सगळं मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण एवढ्या येण्याजाण्यात ह्यांच्या मनात काय चाललंय ते विचारणारं, आणि उत्तर ऐकून स्वतः न घाबरणारं माणूस मात्र कुणी आणलं नाही. असं माणूस कुठे भेटतं हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. त्यासाठीच हे पत्र.

हे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत ३१ वर्षं लेथवर होते. बोलका माणूस. तंबाखू-चुन्याची डबी खिशात असायची, ती कधी सुटली नाही. तुकडा तपासायला दिला, रिपोर्ट आला, तो मुलाने आधी वाचला आणि डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून म्हणाला, ‘बाबांना सांगू नका, ते खचतील.’ मीही मान डोलावली. मग आम्ही ‘जखम आहे, चिघळलीय’ असं म्हणत राहिलो. दवाखान्याच्या पाटीवर ‘कॅन्सर’ हातभर अक्षरांत लिहिलेलं, शेजारच्या बाकावरचा माणूस स्वतःचा गाल उघडून आम्हाला दाखवतोय, आणि आमचं आपलं जखम, जखम. १७ दिवस हे चाललं. ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आम्ही खचू नये म्हणून तेही बोलले नाहीत. घरात तीन माणसं, तिघांनाही ठाऊक, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होती.

हे आमच्याच घरात झालं असं नाही. आपल्याकडे कुणी गेलं की निधनाच्या बातमीत ‘अल्पशा आजाराने’ असं छापतात. तीन-तीन वर्षं केमो घेतलेल्या माणसाचा आजारसुद्धा अल्पसा. गेलेल्याच्या बाबतीत जो शब्द आपण उच्चारत नाही, तो जिवंत माणसासमोर कोण उच्चारणार? आणि आजाराचं नावच घ्यायचं नसेल तर त्याची भीती तरी कोणत्या तोंडाने सांगायची?

ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग गेला. छातीवरचं मांस आणि कातडी आणून गाल भरला. नाकातून नळी. बोललेलं कुणाला समजेना. नातवाची ती पाटी होती ना, वरचा पडदा उचलला की पुसली जाणारी, ती मी दवाखान्यात नेली. सकाळी राउंडला डॉक्टर आले की हे त्यावर दोन शब्द लिहायचे, ‘सारुं छे’, म्हणजे बरं आहे. नर्स आली, सारुं छे. कारखान्यातले मित्र आले, सारुं छे. शाळा गुजराती, नोकरी गुजराती, बाहेरच्या जगाशी ते आयुष्यभर त्याच भाषेत बोललेले. आणि त्या भाषेत पुरुषमाणसाने सारुं छे एवढंच सांगायचं असतं अशी त्यांची समजूत.

एका रात्री साडेतीनच्या सुमाराला त्यांनी मला हाताला धरून उठवलं आणि पाटी पुढे केली. अक्षरं गुजरातीच होती, कारण मराठी लिहायला ते कधी शिकलेच नाहीत. पण शब्द मराठी होते. ‘जीव घाबरा होतो. गुदमरल्यासारखं वाटतं.’ त्याखाली आणखी एक ओळ लिहायला घेतली, हात मध्येच थांबला, आणि पडदा उचलून त्यांनी सगळं पुसून टाकलं. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी म्हणाले, ‘झोपा बरं, सगळं छान होणार आहे.’ त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढ्या दिवसांत त्यांनी एकदाच दार उघडलं होतं आणि ते मी माझ्या हाताने लावून घेतलं.

घरी आल्यावर तुम्ही सगळे भेटायला येत होतात. एक गोष्ट मन दुखवायची नाही म्हणून दोन वर्षं बोलले नाही, आज बोलते. येणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘पॉझिटिव्ह राहा, मन खंबीर ठेवा, निम्मा आजार मनाचाच असतो.’ तुम्ही गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांना वाटायचं, मला भीती वाटते म्हणजे मी बरा होणार नाही, आणि झालो नाही तर तोही माझाच दोष. न्यूयॉर्कला जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९७७ साली तिथल्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात त्यांनी रुग्णांच्या मनाकडे पाहणारं काम उभं केलं आणि त्यातून पुढे वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा तयार झाली. ‘सतत आनंदी राहा तरच बरे व्हाल’ ही सक्ती म्हणजे रुग्णावर जुलूम आहे, असं त्या बाई आयुष्यभर सांगत राहिल्या. रडल्याने, घाबरल्याने गाठ वाढते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. हे मला तेव्हा कळलं असतं तर ती दीड-दोन महिन्यांची घुसमट वाचली असती.

आणि दुसरं एक वाक्य. पुढच्या खोलीत चहा घेता घेता कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, ‘तंबाखू खाणार, मग दुसरं काय होणार?’ मधलं दार उघडं होतं. कोण बोललं ते मी लिहीत नाही. वाईट मनाने बोललेलं नव्हतं, सहज निघून गेलेलं होतं. पण ह्यांना ऐकू गेलं.

आता मदत कशी मिळाली ते सांगते.

शेक सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. रेडिएशनला इथे सगळे शेक म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, असे ३० शेक. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा एक मुखवटा करतात. तो चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दरवाजा बंद होतो. सहाव्या दिवशी हे टेबलाजवळ गेले आणि परत फिरले. पाटीवर लिहिलं, ‘नहीं.’ टेक्निशियन म्हणाला, काका, मधे सोडून चालत नाही. मुलगा चिडला. मी आयुष्मान कार्डाच्या खिडकीजवळच्या बाकावर बसून राहिले. त्या खिडकीच्या मागे ‘समाजसेवा’ अशी छोटी पाटी असलेली एक खोली होती. रोज तिच्यावरून जात होतो, फॉर्म भरायची जागा असेल असं समजत होतो. आतल्या ताई बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काकी, तमे राते ऊंघो छो के नहीं?’ रात्री झोप लागते का, एवढंच. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.

दवाखान्यात अशा ताई असतात, त्यांना मेडिकल सोशल वर्कर म्हणतात, आणि त्यांच्यामार्फत समुपदेशकाकडे जाता येतं, ही माहिती मला तिसऱ्या महिन्यात, बाकावर रडताना मिळाली. कोणत्याही फाइलमध्ये, कोणत्याही कागदावर ती नव्हती. त्या ताई एकट्या, रुग्ण शेकड्यांनी, आणि दिवसाचा बराच वेळ त्यांचा कार्डं आणि सह्या यांच्यातच जातो. त्यांना मी दोष देत नाही.

समुपदेशक म्हणून आलेली मुलगी असेल पंचविशीची. तिने एक कागद पुढे ठेवला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, शून्यापासून दहापर्यंत आकडे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्यावर खूण करायची. ४ किंवा त्याहून वर गेलं तर त्या माणसाशी नीट बसून बोलायला हवं, असा साधा हिशोब. ह्यांनी २ वर खूण केली. शेजारी मुलगा उभा होता. तिने त्याला आणि मला बाहेर जायला सांगितलं आणि तोच कागद पुन्हा दिला. या वेळी खूण ८ वर होती. हे मला नंतर, त्यांच्या परवानगीनेच, कळलं.

आणि तिने आणखी एक केलं, ज्यासाठी मी तिचे आभार मानत राहीन. ती अस्सल बडोद्याची गुजराती मुलगी. लहानपणापासून शेजारी मराठी ऐकलेलं. ती म्हणाली, ‘काका, मराठीमां लखो, हुं समजी जईश.’ मराठी शब्द गुजराती अक्षरांत लिहायचे, ती ते वाचणार. मराठी न शिकलेल्या मुलीने आमच्या ह्यांचं मराठी वाचलं. त्या दिवसापासून पाटीवरचं सारुं छे कमी झालं. ‘कासावीस’ हा शब्द तिने तिसऱ्यांदा वाचल्यावर मला अर्थ विचारला. मला पटकन सांगता आला नाही. हा शब्द पोटात असतो, अर्थ सांगून तो दुसऱ्या भाषेत जात नाही.

समुपदेशन म्हणजे उपदेश असेल असं मला वाटायचं. तिने चार बैठकांत उपदेश एकदाही केला नाही. पहिल्यांदा ती ह्यांना घेऊन त्या खोलीत गेली आणि मुखवटा त्यांच्या हातात दिला. उलटसुलट करून बघू दिला. यंत्रावर काम केलेला माणूस, त्याने तो कसा बसतो, खिट्टी कुठे लागते, कशी सुटते ते पाहून घेतलं. हात वर केला की बाहेर कॅमेऱ्यावर दिसतं आणि लगेच आत येतात, हे टेक्निशियनने दोनदा करून दाखवलं. मग श्वास मोजायचं ठरलं. ह्यांनी श्वास मोजले नाहीत, मनात ‘जय जय राम कृष्ण हरी’ मोजलं. एका शेकात किती वेळा होतं तो आकडा ते बाहेर आल्यावर पाटीवर लिहायचे. उरलेले सगळे शेक पूर्ण झाले.

त्या रात्री पुसलेली ओळ मला सहा आठवड्यांनी कळली. तिच्यासमोर, मी खोलीत असताना, त्यांनी ती पुन्हा लिहिली. ‘माझ्याच हातांनी केलं. आता तुला का त्रास.’ मी वाचली. आम्ही दोघं काही बोललो नाही. तिनेही बोलायची घाई केली नाही. नंतर म्हणाली, तंबाखूची सवय लागते तशी ती सुटणं कठीण असतं, तो आजारच आहे. आणि ज्याला आजार झाला त्याला शिक्षा झाली असं आपण म्हणत नाही. ही गोष्ट आम्हाला कळत नव्हती असं थोडंच आहे? पण कुणीतरी समोर बसून ती म्हणायला हवी होती.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण हॉलमध्ये उद्या ज्या येतील त्यांत बायकाच जास्त असतील. नळीतून द्यायचं म्हणून मी दिवसातून सहा वेळा खिचडी, डाळ, दूध, केळं मिक्सरला लावायची, दोनदा गाळायची आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायची. रडायचं ते मिक्सर चालू असताना. आवाज बाहेर जात नसे. बाहेर आले की सगळे म्हणायचे, ‘वहिनी किती खंबीर आहेत.’ त्या शब्दाने माझी वाटच बंद केली. ज्या बाईला सगळे खंबीर म्हणतात, तिने कुणाकडे जाऊन सांगायचं की रात्री मलाही दरदरून घाम फुटतो?

कॅन्सरच्या साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांना उपचारांच्या काळात नैराश्याचा किंवा तशाच मानसिक आजाराचा त्रास होतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये, जिथे चेहरा बदलतो, खाणं आणि बोलणं जातं, तिथे जीव द्यायचे विचार येण्याचा धोकाही जास्त असतो. आपल्याकडे तंबाखूमुळे हाच कॅन्सर घरोघरी आहे. विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, ह्यांनी कधी चुकवला नव्हता. त्या वर्षी देवपोढी एकादशीला मांडवीवर जायचं नाव काढलं तर रुमाल तोंडावर धरून मान हलवली. लोक बघतील. असे किती जण तुमच्या भजनातून, पत्त्यांच्या अड्ड्यावरून, गणपतीच्या वर्गणीच्या यादीतून हळूच गायब झालेत, एकदा आठवून बघा.

म्हणून मागणी. गुरुवारी संध्याकाळी बहुतेक ठिकाणी दत्ताचं भजन असतं, त्यासाठी हॉल उघडतोच. तो दोन तास आधी उघडा. त्या दोन तासांत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं येऊन बसतील. मराठीत बोलतील, गुजरातीत बोलतील, नुसती बसतील. पंखा, पाणी, चहा आणि गोलात मांडलेल्या खुर्च्या, एवढंच लागेल. व्यासपीठ नको, हार नको, पाहुण्यांची भाषणं तर मुळीच नकोत.

बसणाऱ्यांमध्ये प्रत्येक मंडळाची दोन-तीन माणसं असावीत, आणि ती शिकलेली असावीत. शिकलेली म्हणजे ऐकायला शिकलेली. आपल्या गावात महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, त्यात समाजकार्याची विद्याशाखा आहे, मानसशास्त्राचा विभाग आहे. त्यांच्याकडे मंडळाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन गेलं तर आपल्या माणसांना काही दिवस शिकवायला ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं आणि पुढे वस्तीवस्तीतली साधी माणसं, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, शिकून त्यात उतरली. आपल्या गल्लीतला रुग्ण आपण बघायचा, औषधाचं डॉक्टरांनी बघावं, असं. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं. आणि बडोद्याला हे नवीन का वाटावं? लोक पुस्तकापर्यंत येत नाहीत तर पुस्तक लोकांपर्यंत जावं म्हणून सयाजीरावांच्या राज्यात पेट्या भरून फिरती वाचनालयं गावोगाव गेली. दवाखान्यातल्या त्या एका खोलीपर्यंत पोचायला मला तीन महिने लागले. ती खोली गल्लीत यायला हवी.

काही गोष्टींवर मात्र मी अडून बसणार आहे. हॉलमध्ये बोललेलं हॉलमध्येच राहील. दुसऱ्या दिवशी मंडईत त्याची चर्चा झाली तर तिसऱ्या गुरुवारी कुणी येणार नाही. काढे, मुळ्या, अमक्या बाबाचं पाणी, ‘आमच्या मेव्हण्याने केमो सोडली आणि ठणठणीत झाला’, हे तिथे चालणार नाही. आजार कशाने झाला हे कुणी कुणाला विचारणार नाही. जगायची इच्छा नाही असं कुणी म्हणालं तर त्याला ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करायचं नाही. त्याच्यासोबत थांबायचं, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं, एकटं सोडायचं नाही. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, फुकट, आणि भाषा निवडता येते. हा आकडा मोठ्या अक्षरांत हॉलच्या दारावर लावा. माझ्याकडे त्या साडेतीन वाजता तो असायला हवा होता.

एक महिला मंडळाला वेगळं सांगते. स्तनाच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरच्या बायका मिश्र बैठकीत बोलणार नाहीत. जिचा एक स्तन काढला आहे तिला नवऱ्याबद्दल, साडी-ब्लाउजबद्दल, हळदीकुंकवाला जावं की नाही याबद्दल बोलायचं असतं, आणि ते तीच ऐकू शकते जी त्यातून गेली आहे. अशा बायका आपल्यात आहेत. तुम्हाला त्यांची नावं माहीत आहेत. त्यांना मोठ्या सभेत पुढे आणू नका, घरी जाऊन विचारा.

खर्च फार नाही. चहाचा पहिल्या वर्षाचा खर्च आमच्याकडून. आमचा मुलगा, तोच, ज्याने ‘बाबांना सांगू नका’ म्हटलं होतं, तो खुर्च्या मांडायला येईल. जिना चढता न येणाऱ्यांसाठी तळमजल्याचा हॉल असेल तर बरं, आणि बेसिन जवळ हवं, कारण शेक घेतलेल्यांना तोंड सारखं ओलं करावं लागतं.

हे पत्र ह्यांनी ऐकलं. मीच वाचून दाखवलं. आता ते बोलतात. शब्द जरा जाड येतात, पण घरात सगळ्यांना समजतात. मऊ भात, रस्सा, भिजवलेली पोळी जाते, शेव-उसळ अजून जात नाही. तंबाखूबद्दल लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाले, लिही. पहिल्या गुरुवारी ते स्वतः येऊन बसणार आहेत. पाटीही आणतील, ज्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे त्याच्यासाठी.

हॉलची किल्ली कुणाकडे असते आणि कोणत्या गुरुवारपासून यायचं, तेवढं कळवा.

आपली नम्र,
दांडिया बाजारातली तुमच्यातलीच एक
बडोदे